आधी पडदा मोजा, मग कॅमेरा मांडा

वाचकांचे प्रश्न : थ्रीडी, व्हीआर आणि घुमटपट

लॅपटॉपवर छान, सभागृहात डोकेदुखी

प्रश्न : फिल्म क्लबसाठी आम्ही आठ मिनिटांचा थ्रीडी लघुपट केला. नागपूरच्या फुटाळा तलावावरची संध्याकाळ आणि बर्डीचा (सीताबर्डी) बाजार असं चित्रण आहे. लॅपटॉपवर तो फार छान दिसतो. कॉलेजच्या सभागृहात सहा मीटर रुंद पडद्यावर लावला, तर लांबचा देखावा बघताना डोळे बाहेर ओढल्यासारखे होतात. दोघींचं डोकं दुखलं. चूक कॅमेऱ्याची की प्रोजेक्टरची? (विद्यार्थिनी, लक्ष्मीनगर)

उत्तर : बहुधा दोन्हींची नाही. चित्रातली खोली किती ठेवायची हे तुम्ही लॅपटॉपवर ठरवलंत, तिथे गडबड झाली. थ्रीडीत एकाच वस्तूची दोन चित्रं पडद्यावर पडतात, एक डाव्या डोळ्याचं आणि एक उजव्याचं. दोन्ही एकमेकांवर बसली की वस्तू पडद्यावर दिसते. उजव्या डोळ्याचं चित्र उजवीकडे सरकलं की ती पडद्यामागे जाते, डावीकडे सरकलं की पुढे येते. मोठ्या माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण ६५ मिलिमीटर अंतर असतं. पडद्यावरची दोन चित्रांमधली फट तेवढी झाली की दोन्ही नजरा समांतर होतात, म्हणजे वस्तू अनंतावर गेली. फट त्याहून वाढली, तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावं लागतं. एरवी हे काम डोळे कधीच करत नाहीत, म्हणून ओढ बसते.

आता आकडे घाला. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३४.५ सेंटिमीटर रुंद असतो. १९२० पिक्सेलच्या फ्रेममध्ये फुटाळ्यापलीकडच्या दिव्यांची फट ३० पिक्सेल असेल, तर लॅपटॉपवर ती साडेपाच मिलिमीटरही भरत नाही. तीच फ्रेम सहा मीटरवर ताणली की ९४ मिलिमीटर होते. मर्यादेपेक्षा जवळजवळ तीन सेंटिमीटर जास्त.

हिशेब असा करायचा : ६५ ला पडद्याच्या मिलिमीटरमधल्या रुंदीने भागा आणि फ्रेमच्या पिक्सेलने गुणा. सहा मीटरसाठी उत्तर २० पिक्सेल येतं. बघायला शाळकरी मुलं असतील, तर त्यांच्या डोळ्यांतलं अंतर ५० मिलिमीटर धरा, म्हणजे १६ पिक्सेल. हाच लघुपट उद्या बारा मीटरच्या पडद्यावर न्यायचा असेल, तर मोठ्यांसाठीही जेमतेम १० पिक्सेल. हिशेबावर विश्वास बसत नसेल, तर सभागृहात फ्रेम थांबवा, चष्मा काढा, शाळेतली पट्टी घेऊन पडद्यापाशी जा आणि सगळ्यात लांबच्या दिव्याच्या दोन प्रतिमांमधलं अंतर मोजा. पट्टीवर साडेसहा सेंटिमीटरच्या पुढे गेलेला प्रत्येक शॉट दुरुस्त करावा लागेल.

पुन्हा चित्रीकरण करायची गरज नाही. एडिटिंगमध्ये डावं आणि उजवं चित्र एकमेकांवर ठेवा, वरच्याची पारदर्शकता निम्मी करा. आधी उभा फरक काढून टाका. एकाच खांबाचं टोक दोन्ही चित्रांत एकाच ओळीवर आलं पाहिजे. तो फरक राहिला, तर बाकी सगळं बरोबर करूनही डोकं दुखतंच. मग आडवा सरकाव : डावं चित्र उजवीकडे ७ पिक्सेल, उजवं डावीकडे ७ पिक्सेल. ३० ची फट १६ वर येते. कडेला ७ पिक्सेलची रिकामी पट्टी उरेल, ती झाकायला दोन्ही चित्रं सारखीच एक टक्का मोठी करा.

याची किंमत मोजावी लागते. मागचं जेवढं पुढे आलं, तेवढंच जवळचंही पुढे येतं. बर्डीतला हातगाडीवाला आता पडद्याच्या बाहेर आला आणि त्याची गाडी फ्रेमच्या डाव्या कडेने कापली गेली, तर मेंदू गोंधळतो : वस्तू चौकटीच्या पुढे आहे, मग चौकट तिला कापते कशी? यावर इलाज म्हणजे चौकटच पुढे आणायची. डाव्या डोळ्याच्या चित्राच्या डाव्या कडेला आणि उजव्या डोळ्याच्या चित्राच्या उजव्या कडेला काळी पट्टी द्या. गाडी जेवढे पिक्सेल पुढे आली असेल, पट्टी निदान तेवढी रुंद हवी. अंधारात ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक शॉट मात्र असा सापडेलच, ज्यात सगळ्यात जवळची आणि सगळ्यात लांबची वस्तू यांच्यातलाच फरक ६०-७० पिक्सेल आहे. तिथे सरकवून काही होत नाही. सरकवल्याने खोली जागा बदलते, आकसत नाही. असा शॉट काढून टाका, नाहीतर एकाच डोळ्याचं चित्र दोन्हीकडे वापरून तेवढे चार सेकंद सपाट ठेवा. प्रेक्षकांना कळत नाही, डोळ्यांना विश्रांती मिळते.

पुढच्या वेळी कॅमेऱ्यांमधलं अंतर सगळ्यात जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग ठेवा. हा फोटोग्राफीतला जुना नियम. मोठ्या पडद्यासाठी साठावा भाग घेतलेला बरा. आणि दोन कॅमेरे एकमेकांकडे वळवू नका. वळवले की डाव्या चित्राचा एक कोपरा उंच होतो आणि उजव्याचा दुसरा, मग कोपऱ्यांत उभा फरक शिरतो. कॅमेरे समांतर ठेवा, सरकवायचं काम एडिटिंगवर सोडा.

चुन्याच्या भिंतीवर चालेल का?

प्रश्न : दोन प्रोजेक्टर आहेत, पोलराइज्ड चष्मे आणले आहेत. पडदा म्हणून पांढरी भिंत वापरली तर? (वर्धा रोड)

उत्तर : नाही चालणार. पांढरी भिंत किंवा साधा कापडी पडदा पोलरायझेशन (प्रकाशाच्या कंपनाची दिशा, जिच्यावरून चष्मा दोन चित्रं वेगळी करतो) विस्कटून टाकतो, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसतात. चंदेरी पडदाच हवा. प्रोजेक्टर डीएलपी जातीचे घ्या. एलसीडी प्रोजेक्टरमधून निघणारा प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो, त्यातही हिरव्याची दिशा बहुधा लाल-निळ्याहून वेगळी, म्हणून प्रोजेक्टरपुढे पोलरायझेशनचा फिल्टर लावला की रंग बिघडतात. फिल्टरची शीट भिंगाला चिकटवू नका. निम्म्याहून जास्त प्रकाश ती शोषते आणि तापून वाकते. थोडी लांब धरा, बाजूला छोटा पंखा लावा. मे महिन्यात तर पंख्याशिवाय सुरूच करू नका. भिंतच वापरायची असेल, तर १२० हर्ट्झचा थ्रीडी-रेडी डीएलपी प्रोजेक्टर आणि शटरचे (आळीपाळीने एकेक डोळा झाकणारे) चष्मे घ्या. चष्मे महाग पडतात, पण पडदा कुठलाही चालतो.

मल्टिप्लेक्समध्ये चित्र अंधुक का?

प्रश्न : थ्रीडीचं तिकीट महाग आणि चित्र काळवंडलेलं. चष्मा काढला की उजेड दिसतो. यात काही करता येतं का? (सदर)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. टूडी चित्रपटासाठी पडद्यावर ४८ निट्स (उजेड मोजायचं एकक) उजेडाचं मानक आहे. थ्रीडीत तो चष्म्यातून १५ निट्सच्या आसपास उरतो, दिवा जुना झाला असेल तर त्याहूनही कमी. एकच प्रोजेक्टर दोन्ही डोळ्यांना आळीपाळीने चित्र दाखवतो : सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक फ्रेम प्रत्येक डोळ्याला तीनदा, म्हणजे १४४ वेळा झपझप. प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला निम्माच वेळ येतो. त्यात पोलरायझर निम्म्याहून जास्त प्रकाश खातो, थोडा चष्मा खातो. चंदेरी पडदा यातला काही परत देतो, पण तो प्रकाश सरळ समोर फेकतो. म्हणून कडेच्या खुर्चीवरून चित्र आणखी काळं दिसतं. मधल्या खुर्च्या आणि मधल्यापेक्षा जरा मागची रांग घ्या. शक्य असेल तर लेझर प्रोजेक्टरचा पडदा निवडा, फरक ताबडतोब कळतो.

चष्मा रुमालाने कोरडा पुसू नका, ओरखडे पडतात आणि बोटांचं तेल पसरतं. ओलसर मऊ कापड वापरा. चष्मा कोणत्या जातीचा आहे हे घरच्या आरशात कळतं. चष्मा लावून एक डोळा मिटा. आरशात उघड्या डोळ्याची काच काळी दिसली आणि मिटलेला डोळा दिसला, तर चष्मा वर्तुळाकार पोलरायझेशनचा. उलट दिसलं, तर रेषीय. रेषीय चष्म्यात मान कलली की लगेच दुहेरी प्रतिमा दिसते. वर्तुळाकार चष्म्यात तसं होत नाही, पण मान कललेलीच ठेवली तर दोन डोळे वर-खाली होतात आणि पडद्यावरची फट मात्र आडवीच राहते, म्हणून शीण येतो. शेजारच्याच्या खांद्यावर डोकं ठेवून थ्रीडी बघू नये ते यासाठी.

मारबत हेडसेटमध्ये

प्रश्न : तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या) दिवशीची मारबतीची, म्हणजे ईडा-पीडा घालवायला काढतात त्या पुतळ्याची, मिरवणूक व्हीआरमध्ये घ्यायचं आम्ही तिघं मित्र ठरवून राहिलो. बाहेरगावी गेलेल्या नागपूरकरांना हेडसेट लावून ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ कानांनी ऐकता आलं पाहिजे. दोन सारखे फोन आहेत. ते चालतील की व्हीआर कॅमेरा भाड्याने घ्यावा? (महाल)

उत्तर : कल्पना उत्तम आहे, आणि कॅमेरा भाड्याने घ्या. कारण तुमच्या गल्लीची रुंदी. दोन फोन आडवे शेजारी लावले, तर भिंगांमध्ये साधारण १६ सेंटिमीटर अंतर पडतं. तिसाव्या भागाच्या नियमाने सगळ्यात जवळचा माणूस पाच मीटरवर हवा. महाल-इतवारीत मारबतीच्या दिवशी पाच मीटर रिकामे कुठून आणणार? फोन वापरायचेच असतील, तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वापरा आणि तो शॉट साध्या थ्रीडी पडद्यासाठी ठेवा.

फोनची दुसरी अडचण वेळेची. दोन फोनचे शटर एकत्र बांधलेले नसतात. ३० फ्रेमवर ते एकमेकांपासून अर्ध्या फ्रेमने, म्हणजे १७ मिलिसेकंदांपर्यंत चुकू शकतात. सेकंदाला दीड मीटर चालणारा माणूस तेवढ्यात अडीच सेंटिमीटर सरकतो. म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारे लोक असतात त्यापेक्षा जवळ दिसतील आणि उलट जाणारे लांब, किंवा याच्या उलट. उड्या मारणाऱ्या पोरांच्या बाबतीत तर उभा फरक शिरेल. ६० फ्रेमवर घेतलं की चूक निम्मी होते. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स दोन्हींवर कुलूपबंद करा. स्टॅबिलायझेशन बंद, कारण प्रत्येक फोन आपापल्या मर्जीने चित्र सावरतो.

भाड्याच्या कॅमेऱ्यात बघायचं ते हे : १८० अंशांचं, दोन भिंगांचं, एकाच सेन्सरवर दोन्ही चित्रं घेणारं यंत्र असेल, तर वेळेचा प्रश्नच मिटतो. कॅननचं ५.२ मिलिमीटरचं दुहेरी फिशआय भिंग असंच आहे. त्यात दोन भिंगांमध्ये ६० मिलिमीटर अंतर आहे आणि दृष्टिक्षेप १९० अंशांचा. ते कॅननच्याच आर ५ कॅमेऱ्यावर मिळालं, तर एक गोष्ट ध्यानात असू द्या : त्या कॅमेऱ्यात ८के चित्रण साधारण वीस मिनिटांत तापून थांबतं, तेही २३ अंशांच्या खोलीत. भाद्रपदातल्या उकाड्यात, गर्दीत, त्याहून आधीच थांबेल. तीन-चार मिनिटांचे तुकडे घ्या, मधल्या वेळात कॅमेरा बंद करून सावलीत ठेवा. ३६० अंशांच्या मोहात पडू नका. त्यात अनेक भिंगांची चित्रं शिवावी लागतात आणि जवळून गेलेला माणूस शिवणीवर कापला जातो.

आता मांडणी. कॅमेरा एखाद्या ओट्यावर, जमिनीपासून दीड ते एक-साठ मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. पाणसळ लावून सपाट करा. क्षितिज दोन अंशांनी कललं तरी हेडसेटमधला माणूस आपणच कललो असं समजतो. कॅमेरा हलवायचा नाही. गर्दीतून चालत घेतलेलं चित्रण हेडसेटमध्ये मळमळ आणतं, कारण डोळे ‘चाललो’ म्हणतात आणि कान ‘बसलोय’ म्हणतात. मिरवणूक कॅमेऱ्यापाशी येऊ द्या.

कुठून येऊ द्यायची हेही ठरवा. दोन भिंगं समोर बघतात, म्हणून थ्रीडीचा जोर समोरच असतो. ६० अंश बाजूला गेलं की परिणामी अंतर निम्मं होतं आणि ९० अंशांवर शून्य, तिथे दोन्ही भिंगं एकामागे एक येतात. पिवळी मारबत समोरच्या ४५ अंशांच्या पट्ट्यात तीन-चार मीटरवरून जाईल अशी जागा धरा. त्याहून जवळ आली तर उंच पुतळा बघायला मान मोडते, फार लांब गेली तर तपशील हरवतो. प्रत्येक डोळ्याला चार हजार पिक्सेल १८० अंशांवर पसरले, तर एका अंशाला जेमतेम २२ पिक्सेल मिळतात. चांगल्या नजरेला ६० लागतात. बडग्यांच्या (मिरवणुकीतल्या टीका करणाऱ्या पुतळ्यांच्या) गळ्यातल्या पाट्या वाचता आल्या पाहिजेत असं वाटत असेल, तर ते बडगे दोन मीटरवरून जायला हवेत. कॅमेऱ्यापासून मीटरभर अंतरात कोणी येऊ नये म्हणून तुमच्यापैकी एकाने फक्त तेवढंच काम करावं. भिंगासमोर अचानक आलेला हात हेडसेटमध्ये नाकावर येतो.

पाऊस येईल हे धरूनच चला. एका भिंगावर थेंब पडला आणि दुसऱ्यावर नाही, तर दोन डोळ्यांचं भांडण लागतं. ते पाहवत नाही. दर तुकड्याआधी दोन्ही भिंगं पुसा.

आवाजासाठी चार चॅनेलचा अँबिसॉनिक माइक कॅमेऱ्याच्या बरोबर खाली लावा, त्याची ‘समोर’ खूण भिंगांच्या दिशेला. प्रेक्षकाने मान वळवली की ढोल त्याच बाजूला राहतो तो यामुळे. गेन (आवाज घेण्याची पातळी) इतका खाली ठेवा की ढोल ऐन भरात असतानाही मीटर लाल होणार नाही. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

घरी आल्यावर एक सापळा आहे. या भिंगातून सेन्सरवर डावं-उजवं अदलाबदल होऊन पडतं. कॅननच्या सॉफ्टवेअरमधून काढलं तर ते सरळ होतं, स्वतः जोडाजोडी केली तर विसरायला होतं. मग मागची घरं पुढे आणि माणसं भोकासारखी आत गेलेली दिसतात. चित्र ‘विचित्र आहे पण का ते कळत नाही’ असं वाटलं, की सगळ्यात आधी डावं-उजवं तपासा.

पानावरची काळी माशी

प्रश्न : संत्र्याच्या पानामागची काळी माशीची पिलं शेतकऱ्यांना थ्रीडी फोटोत दाखवायची आहेत. फोनने जमेल? (काटोल)

उत्तर : जमेल, आणि एकाच फोनने. वाढलेली पिलं पानाला चिकटून बसलेली असतात, हलत नाहीत, म्हणून एक फोटो काढून फोन सरकवून दुसरा काढता येतो. पान तोडून, उलटं करून, राखाडी पुठ्ठ्यावर चार टाचण्यांनी सपाट लावा. झाडावर काढू नका, वाऱ्याने सगळं फुकट जातं. फोन पानापासून १५ सेंटिमीटरवर, एका सरळ लाकडी पट्टीला टेकवून ठेवा. पट्टीवर पेन्सिलने खुणा करा : ०, ५ आणि १० मिलिमीटर. तिन्ही ठिकाणी फोटो घ्या. तिसाव्या भागाने ५ मिलिमीटर येतं, पण मागे सपाट पुठ्ठाच असल्याने १० सुद्धा सोसतं आणि पिलांच्या कडेची पांढरी मेणाची किनार जास्त उठून दिसते. कोणती जोडी घ्यायची ते बघून ठरवा. फोनचा आपोआप मॅक्रोवर (अगदी जवळच्या फोटोच्या भिंगावर) जाणारा पर्याय बंद करा, नाहीतर एक फोटो एका भिंगातून आणि दुसरा दुसऱ्यातून येतो. दिवा पुठ्ठ्यापाशी स्थिर ठेवा, फोनचा फ्लॅश वापरू नका. दिवा फोनबरोबर सरकला की सावल्याही सरकतात आणि खोली खोटी दिसते.

जोडणीसाठी स्टिरिओफोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, उभा फरक ते आपोआप काढतं. लाल-निळ्या चष्म्यासाठी छापणार असाल, तर चित्र आधी कृष्णधवल करा. पिकलेलं संत्रं लाल काचेतून उजळ आणि निळ्यातून काळं दिसतं, त्यामुळे ते नुसतं लुकलुकत राहतं.

आयफोन १५ प्रोपासून आलेला स्पेशियल (थ्रीडी) व्हिडिओ इथे उपयोगाचा नाही. त्यातल्या दोन भिंगांत सुमारे १९ मिलिमीटर अंतर आहे, म्हणजे वस्तू अर्ध्या मीटरच्या पुढेच हवी. बागेत छाटणी दाखवायला मात्र तो उत्तम.

आळशी डोळा

प्रश्न : माझा डावा डोळा लहानपणापासून कमजोर. थ्रीडीत मला काहीच पुढे येत नाही. मुलांबरोबर जायचं तर मी काय बघू? (नंदनवन)

उत्तर : थ्रीडीचा सगळा डाव दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकावर आहे. मेंदू एकाच डोळ्याचं ऐकत असेल, तर चष्मा तुम्हाला फक्त अंधार देतो. तुम्ही टूडीचा खेळ निवडा, चित्र तिप्पट उजळ मिळेल. मुलांपैकी कोणालाही असंच सपाट दिसत असेल, तर मात्र नेत्रतज्ज्ञांकडे लवकर न्या. लहान वयात उपचारांचा गुण जास्त येतो.

आणि मुलांना गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रातल्या तारामंडलात न्या. घुमटावर चौकट नसते, चित्र नजरेच्या कडेपर्यंत जातं आणि छत काही मीटर वर असतं. तेवढ्या अंतरावर दोन डोळ्यांतल्या फरकाचा जोर तसाही ओसरतो आणि मेंदू हालचालीवरून खोली ओळखतो : जवळचे तारे भराभर सरकतात, लांबचे सावकाश. त्यासाठी एक डोळा पुरतो. मधल्या रांगांपेक्षा जरा मागे बसा, म्हणजे मान फार न उचलता समोरचं आकाश दिसेल. तिथे तुम्हाला आणि मुलांना जवळजवळ सारखंच दिसतं.